माळ पडीक नसतो

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याने निघाले की वीसेक किलोमीटरवर नान्नज लागते. द्राक्षबागायतदारांना हे गाव सोनाका या वाणामुळे ठाऊक आहे आणि पक्षिनिरीक्षकांना माळढोकामुळे. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत या दोन ओळखींपैकी एक वाढत गेली आणि दुसरी अभयारण्याच्या पाटीपुरती उरली. ज्या शिवारात एकेकाळी सकाळच्या वेळी नर माळढोक गळ्याची पिशवी फुगवून ‘हूम’ असा घुमारा काढीत उभा असे, तिथे आता एखादा पक्षी दिसला तरी त्याची वर्तमानपत्रात बातमी होते. देशभरात मिळून या जातीचे जेमतेम दीडशे पक्षी उरले असावेत आणि त्यांतील बहुतेक राजस्थानात, जैसलमेरच्या आसपास आहेत. हे असे का झाले, याची उत्तरे शोधताना आपण बहुधा शिकाऱ्याकडे, शेतकऱ्याकडे किंवा वनखात्याकडे बोट दाखवतो. या सगळ्यांच्या मागे एक जुनी आणि अधिक खोलवर रुजलेली समजूत आहे, असे माझे मत आहे. माळ म्हणजे पडीक जमीन, ही ती समजूत. जोवर ती सरकारी दप्तरातून आणि आपल्या डोक्यातून जात नाही, तोवर माळावरच्या कुठल्याही प्राण्याला कायद्याने दिलेले संरक्षण कागदावरच राहील.

सगळ्याच प्राण्यांना सारखेच संरक्षण का लागत नाही, हे आधी पाहायला हवे. साळुंकी किंवा कावळा माणसाच्या बदलत्या जगाशी सहज जुळवून घेतो. वर्षाला तीन-चार पिल्ले वाढवतो आणि एका ठिकाणी उठवला तर दुसऱ्या ठिकाणी बसतो. माळढोकाचे तसे नाही. उंचीला सुमारे एक मीटर, पूर्ण वाढलेला नर पंधरा किलोपर्यंत भरणारा, उडणाऱ्या पक्ष्यांतला जगातल्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक असा हा पक्षी. मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते. घरटे म्हणावे असे काही नसते, उघड्या जमिनीवर गवताच्या आडोशाला ते अंडे पडलेले असते आणि ते उबवायला सुमारे सत्तावीस दिवस लागतात. या सत्तावीस दिवसांत एखादे मोकाट कुत्रे, एखादे मुंगूस, किंवा नुसता एखादा हौशी छायाचित्रकार जवळ आला, तरी त्या मादीचे वर्ष वाया जाते. अशा जातीत दरवर्षी दोन-चार प्रौढ पक्षी जरी जास्तीचे मेले, तरी ती तूट पुढच्या पिढीला भरून काढता येत नाही. बचतीतून जेवढे काढले तेवढे पुन्हा कधीच जमा होत नाही, असा हा हिशेब आहे. म्हणून वन्यजीव संरक्षण कायद्याने काही जातींना सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या पहिल्या अनुसूचीत घातले, आणि त्यांत काहीही अवाजवी नाही.

आता महाराष्ट्राने या पक्ष्यासाठी काय केले ते पाहू. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, त्यानंतर 1979 मध्ये सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर या दोन जिल्ह्यांत मिळून माळढोक अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र होते 8,496 चौरस किलोमीटर. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचा गाभा सव्वासहाशे चौरस किलोमीटरचा आहे, यावरून त्या आकड्याची कल्पना यावी. कागदावर हे देशातले एक प्रचंड मोठे अभयारण्य होते. प्रत्यक्षात त्यातील बहुतेक जमीन शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावरची होती. त्यात गावे होती, बाजारपेठा होत्या, रस्ते आणि विहिरी होत्या. वनखात्याच्या ताब्यातले खरे माळ म्हणजे त्या अफाट नकाशावर सांडलेले काही ठिपके.

याचा परिणाम काय झाला, हे त्या भागात कोणालाही विचारावे. जमीन विकायची तर अडचण, बिगरशेती परवानगी मागितली तर अडचण, रस्ता रुंद करायचा किंवा छोटा कारखाना काढायचा तर वर्षानुवर्षे फाईल फिरत राहायची. ज्या शेतकऱ्याच्या ज्वारीत आणि करडईत हा पक्षी निर्धास्तपणे किडे टिपत हिंडत असे, त्याच शेतकऱ्याला तो पक्षी म्हणजे आपल्या जमिनीवरचा बोजा वाटू लागला. मुलीच्या लग्नासाठी एक एकर विकायला निघालेल्या माणसाला तो व्यवहार एका पक्ष्यामुळे अडला असे कळले, तर त्याने त्या पक्ष्यावर प्रेम करावे ही अपेक्षा शहरात बसून करणे सोपे आहे. पुढे हे क्षेत्र घटवून 1,222 चौरस किलोमीटरवर आणावे लागले. ही घट झाली तेव्हा निसर्गप्रेमींनी हळहळ व्यक्त केली. मला मात्र मुळात ज्या घाईने ते क्षेत्र आखले गेले त्या घाईची हळहळ अधिक वाटते.

हे केवळ आपल्याकडे घडले असेही नाही. मध्य प्रदेशातील शिवपुरी जिल्ह्यात करेरा येथे 1981 मध्ये खास माळढोकासाठी अभयारण्य झाले. तिथेही खासगी जमिनी अडकल्या, खरेदी-विक्रीवर बंधने आली, त्यातच संरक्षणामुळे काळविटांची संख्या वाढून पिकांचे नुकसान होऊ लागले आणि लोकांचा सगळा राग अभयारण्यावर निघाला. 1990 च्या दशकात तिथला माळढोक दिसेनासा झाला. पक्षी गेला आणि बंधने मात्र पुढे कित्येक वर्षे राहिली.

तरीही सगळा दोष त्या बंधनांवर टाकून मोकळे होणे मला मान्य नाही. बंधने नसती तर माळढोक टिकला असता, असा दावा कोणी करीत असेल तर त्याने उजनी धरणाचे पाणी आल्यानंतरचा सोलापूर जिल्हा पाहावा. जिथे रब्बीची ज्वारी, करडई, हुलगा, मटकी होती तिथे ऊस आला आणि जिथे पाणी थोडे होते तिथे द्राक्षे आली. माळढोकाला कोरडवाहू शेती चालते, नव्हे आवडते. विरळ पिकात त्याला नाकतोडे, भुंगेरे, सरडे मिळतात आणि चारी बाजूंचे दूरवर दिसते. उसाच्या फडात किंवा तारांच्या मांडवाखाली त्याला काहीच मिळत नाही. शेतकऱ्याने ऊस लावला यात त्याचा गुन्हा नाही. साडेपाचशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात उसाला पाणी, कर्ज आणि हमखास गिऱ्हाईक मिळवून देणारी आणि ज्वारीला वाऱ्यावर सोडणारी धोरणे कोणी आखली, हा प्रश्न खरा आहे. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे एवढेच लक्षात घ्यावे, की शेत हातचे गेल्यावर या पक्ष्याला एकच आसरा उरला होता आणि तो म्हणजे माळ.

आणि माळाचे आपण काय केले? इंग्रजी अमलात जमीन महसुलाच्या दृष्टीने मोजली गेली. जी जमीन सारा देते ती कामाची, आणि जी देत नाही ती निकामी, असा तो सरळ हिशेब होता. त्या हिशेबातून आलेले ‘पडीक’, ‘पोटखराबा’ हे शब्द आपण स्वातंत्र्यानंतरही तसेच वापरत राहिलो. त्यात 1988 च्या राष्ट्रीय वननीतीने देशाच्या एक तृतीयांश भूभागावर वने असावीत असे उद्दिष्ट ठेवले. देशासाठी सरासरी म्हणून ते ठीक आहे. पण तोच तेहतीस टक्क्यांचा दंडक जेव्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या, मुरमाड आणि हाताएवढ्या मातीच्या जिल्ह्यांना लावला जातो, तेव्हा निसर्गतः गवताळ असलेला मुलूख आपोआप ‘उजाड’ आणि ‘मागासलेला’ ठरतो. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाच्या चित्रांवरून वनाच्छादन मोजते, त्यात एक हेक्टरहून मोठ्या जागेत झाडांच्या माथ्यांचे आच्छादन दहा टक्क्यांहून अधिक असेल तर ती जागा वनाच्छादनात धरली जाते, मग ती झाडे सुबाभळीची असोत की आमराईतली. त्याच जागेवर मारवेल आणि पवन्या हे गवत कंबरेइतके वाढले असेल, त्यात चिंकारा वीत असेल आणि चंडोल घरटी करीत असतील, तर ती जागा शून्यात. एखाद्या अधिकाऱ्याने प्रामाणिकपणे आपल्या जिल्ह्याचा आकडा वाढवायचे ठरवले, तर त्याला सर्वांत सोपी जागा माळच दिसणार.

2017 ते 2019 या तीन वर्षांत महाराष्ट्राने पन्नास कोटी झाडे लावण्याचा संकल्प सोडला होता. त्यांतील तेहतीस कोटी एकट्या 2019 च्या पावसाळ्यात लावायची होती. झाडे लावण्याला विरोध करणारा माणूस आपल्याकडे जवळजवळ समाजद्रोही समजला जातो, म्हणून हे लिहिताना थोडा संकोच वाटतो. ओढ्याकाठी, बांधावर, गावठाणात, उजाड झालेल्या जंगलाच्या जागी झाडे लावावीत, जरूर लावावीत. पण काही वर्षांपूर्वी पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील एका माळावर मी जे पाहिले ते विसरता येत नाही. पाच-सहा हेक्टर उतारावर यंत्राने ओळीने खड्डे काढले होते. प्रत्येक खड्ड्यापाशी उकरलेल्या मुरमाचा ढीग, त्यात एक वाळलेली काडी, आणि काडीला बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी. कडेला फलक होता. त्यावर योजनेचे नाव, रोपांची संख्या आणि खर्चाचा आकडा. खड्ड्यांच्या मधल्या पट्ट्यांत कुसळीचे गवत अजून तग धरून होते, पण जिथे यंत्र फिरले तिथे गवताऐवजी गाजरगवत माजले होते. माळाची मुळे एकदा उलथली की तो पुन्हा तसा होत नाही, निदान आपल्या हयातीत होत नाही. ही गोष्ट तिथे पाच मिनिटे उभे राहिले तरी कळत होती. ती रोपे मेली म्हणून मला वाईट वाटले नाही. जगली असती तर अधिक नुकसान झाले असते.

कारण रोपे जगली की काय होते, तेही आपल्यापुढे आहे. कर्नाटकातील राणेबेन्नूरचे अभयारण्य काळविटासाठी आहे आणि तिथेही पूर्वी माळढोक असत. त्या गवताळ जमिनीच्या मोठ्या भागावर निलगिरी लावली गेली आणि माळढोक तिथून गेले. गिरिपुष्प, सुबाभूळ, वेडी बाभूळ ही परदेशी झाडे माळावर एकदा पसरली की काढता निघत नाहीत. उघड्यावर दूरवर नजर ठेवून जगणाऱ्या प्राण्याला झाडी म्हणजे आडोसा वाटत नाही, ती त्याला धोक्याची जागा वाटते. वाघाला जे घर तेच माळढोकाला भय. आपण मात्र ‘जंगल वाचवा’ या एकाच घोषणेत दोघांनाही बसवले.

यावर एक आक्षेप हमखास येतो. दख्खनचा हा माळ मुळात जंगलच होता, माणसाच्या कुऱ्हाडीने आणि गुराढोरांनी तो उजाड झाला, तेव्हा झाडे लावणे म्हणजे जुने ऋण फेडणे होय, असे म्हटले जाते. काही ठिकाणांपुरते हे खरेही असेल. पण अलीकडे वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांनी या प्रश्नाकडे एका वेगळ्याच वाटेने पाहिले. तेराव्या शतकापासूनच्या मराठी ओव्या, चरित्रे आणि लोककथा यांत पश्चिम महाराष्ट्रातल्या कोणकोणत्या झाडाझुडपांचे उल्लेख येतात, हे त्यांनी शोधले. हिवर, तरवड, खैर, पळस अशी उघड्या, उन्हाळ मुलखातली झाडेच त्यांत ठायी ठायी आढळली आणि चराऊ कुरणांची वर्णनेही. म्हणजे निदान साडेसातशे वर्षांपूर्वीही हा मुलूख असाच होता. ज्या पोथ्या आपण भक्तिभावाने वाचतो त्यांतच आपल्या भूमीचे हे वर्णन आहे. फक्त झाडांच्या नावांवरून आपली नजर पुढे सरकत असे. गंमत म्हणजे तरवड आणि हिवर हे शब्द आजच्या शहरी मराठी वाचकाला परके वाटतील, पण गुलमोहर वाटणार नाही, आणि तो आला मादागास्करहून.

माळाशी ज्यांचे खरे नाते उरले आहे, ते धनगर. दिवाळीच्या सुमारास कळप घेऊन कोकणाकडे उतरायचे आणि पावसाच्या तोंडावर पुन्हा घाटमाथा ओलांडून माळावर यायचे, वाटेत शेतकऱ्याच्या रानात मेंढरे बसवायची आणि खताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे, हा त्यांचा क्रम. त्यांच्या मागोमाग लांडगा येतो. भारतात साधारण तीन हजारांच्या आसपास लांडगे असावेत, म्हणजे वाघांपेक्षा कमीच, आणि त्यांतील फार मोठा भाग कोणत्याही अभयारण्यात राहत नाही. तो माळावर आणि शेतांत, माणसांच्या मधोमध राहतो. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्याच्या बाहेर भेटलेल्या एका म्हाताऱ्या धनगराला मी विचारले होते, ‘बाबा, लांडग्याचा राग नाही येत?’ तो म्हणाला, ‘त्याचा वाटा असतोय तो. एखादं नेलं तर नेलं. लईच मातला तर मग काठी हाय की.’ मयूरेश्वर पाच चौरस किलोमीटरचे, नगर जिल्ह्यातले रेहेकुरीचे अभयारण्य सव्वादोन चौरस किलोमीटरचे. चिंकारा आणि काळवीट तिथे आहेत हे खरे, पण लांडगा एका रात्रीत जेवढे फिरतो त्यात अशी अभयारण्ये ओलांडून जातात. त्या म्हाताऱ्याच्या ‘वाट्या’वर लांडगा जितका टिकून आहे तितका तो कुंपणावर नाही.

आणि त्या वाट्याची भरपाई कशी मिळते? वनखाते मेंढी मारली गेल्यास पैसे देते, नियम चांगला आहे. पण ठराविक मुदतीत कळवायचे, पंचनामा होईपर्यंत मेलेले जनावर हलवायचे नाही, कागदपत्रे आणि बँकेचे खाते हवे. आज या गावात तर परवा पुढच्या तालुक्यात असणाऱ्या कळपवाल्याने त्या एका मेंढीसाठी थांबायचे, तर उरलेल्या दोनशे मेंढ्यांनी काय खायचे? बहुतेक जण कळवतच नाहीत. ज्यांनी कधीही अभयारण्याची मागणी केली नाही त्यांच्या सहनशीलतेवर आपण एक आख्खी जात पोसतो आहोत आणि त्याची किंमत त्यांनीच मोजावी असे धरून चाललो आहोत.

दरम्यान माळ मात्र आक्रसतोच आहे. 2019 मध्ये वाळवंटीकरणासंबंधीच्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेला भारतानेच सादर केलेल्या माहितीनुसार 2005 ते 2015 या दहा वर्षांत देशातील गवताळ जमीन 31 टक्क्यांनी घटली. कुठल्याही जंगलाच्या बाबतीत असा आकडा आला असता तर संसदेत प्रश्न विचारले गेले असते. आता त्यात सौर प्रकल्पांची भर पडते आहे. गायरान सरकारी मालकीचे, झाडे तोडावी लागत नाहीत, विस्थापन दिसत नाही, म्हणून ती जागा सोयीची. सौर विजेची गरज मी नाकारीत नाही; हवामान बदलाचा फटका याच कोरडवाहू जिल्ह्यांना सर्वांत आधी बसणार आहे. राजस्थान-गुजरातच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयापुढे नेमका हाच पेच आला. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने त्याला समोरचे नीट दिसत नाही, आणि देह जड असल्याने ऐनवेळी तारेला वळसा घालता येत नाही. म्हणून 2021 मध्ये न्यायालयाने त्याच्या अधिवासातील वीजवाहिन्या शक्य तिथे जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. 2024 मध्ये तो सरसकट आदेश शिथिल करून तज्ज्ञांची समिती नेमली गेली, आणि त्याच निकालात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा नागरिकांचा हक्कही मान्य झाला. दोन्ही बाजू रास्त आहेत. पण सौर पॅनेल गोदामांच्या छपरांवर, कालव्यांवर, खरोखर नापीक झालेल्या क्षारपड जमिनींवर बसवता येतात; माळढोकाला आणि मेंढराला दुसरी जागा नाही. पर्याय असणाऱ्याने सरकावे, हा साधा न्याय इथे का लागू होऊ नये?

पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी माळढोकाला राष्ट्रीय पक्ष्याचा मान मिळावा असा आग्रह धरला होता. 1963 मध्ये तो मोराला मिळाला. मान मिळाला असता तर हा पक्षी वाचला असता, असे काही जण म्हणतात. मला तसे वाटत नाही. वाघ थोडाफार वाचला तो बिरुदामुळे नाही, 1973 नंतर त्याच्यासाठी जंगलाचे सलग पट्टे राखले गेले म्हणून. माळढोकाच्या बाबतीत आपण पक्ष्याचे नाव अभयारण्याला दिले आणि माळाचे नाव पडीकच्या रकान्यात ठेवले. जैसलमेरला आज बंदिस्त प्रजननाचा प्रयोग चांगला चालला आहे. 2024 मध्ये कृत्रिम रेतनातून पिल्लूही जन्मले. त्यातले पक्षी उद्या कधी महाराष्ट्रात सोडायचे ठरले, तर त्यांना सोडणार कुठे?

म्हणून महाराष्ट्राने निदान आता माळढोकाच्या मागे धावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. काही पक्षिमित्रांना ते कठोर वाटेल. जे आहे ते राखावे. लांडगा आहे, चिंकारा आहे, खोकड आहे, धाविक आणि चंडोल आहेत, अकोला-वाशिमच्या बाजूला पावसाळ्यात विणीला येणारा, माळढोकाच्याच कुळातला लहान पक्षी तणमोर आहे. त्या भागात एकेकाळी फासे लावून पोट भरणाऱ्या फासेपारधी समाजातली माणसेच आता तणमोराची ठिकाणे राखायला पुढे आली आहेत, ही गोष्ट नान्नजच्या 8,496 चौरस किलोमीटरांपेक्षा अधिक शिकवणारी आहे. 2002 च्या दुरुस्तीने कायद्यात संवर्धन राखीव आणि समुदाय राखीव अशा दोन तरतुदी आल्या, ज्यांत लोकांचे चराईचे हक्क आणि त्यांचा सहभाग धरून जागा राखता येते. येवल्याजवळ ममदापूरला काळविटांसाठी असे संवर्धन राखीव आहे. गावोगावच्या गायरानांतले चांगले तुकडे या मार्गाने जोडत नेता येतील, त्यांत ठरवून चराई चालू ठेवता येईल, कारण चराई पूर्ण बंद केली की माळ झुडपांनी भरतो. गवताच्या लिलावाचे उत्पन्न ग्रामपंचायतीला देता येईल, आणि फिरत्या कळपांसाठी भरपाई जागच्या जागी, फोनवरच्या छायाचित्रावर मिळण्याची सोय करता येईल. यांतल्या कशालाही नवा कायदा लागत नाही.

लागते ती एक यादी. दर उन्हाळ्यात, मे महिन्याच्या सुमारास, येत्या पावसाळ्यात कुठे वृक्षलागवड करायची त्या जागांची यादी तालुक्याच्या पातळीवर तयार होते आणि तलाठी, ग्रामसेवक, वनपाल यांच्याकडून गायरानांचे आणि पडीक जमिनींचे गट नंबर मागवले जातात. यंदा त्याच कागदावर दुसरा एक रकाना आखावा, ज्यात खड्डा घ्यायचा नाही अशा माळांचे गट नंबर लिहिले जातील. ते भरताना वनस्पतिशास्त्रज्ञ मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला तर त्या वाटेने दरवर्षी मेंढरे नेणाऱ्याला विचारावे, त्याला कोणत्या माळावर कोणते गवत येते हे तोंडपाठ असते.